गावाला सोबत घेऊन छोटं क्लस्टर कसं चालवायचं? (खानापूर भाग, सरकारी मराठी शाळा)

घाटाकडचा_सीआरपी
नमस्कार मंडळी. या जूनपासून माझ्याकडं सीआरपीचा (क्लस्टर रिसोर्स पर्सन, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचं काम बघणारा) चार्ज आलाय. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं छोटं क्लस्टर, बहुतेक शाळा मराठी माध्यमाच्या, काही ठिकाणी पहिली ते पाचवी मिळून वीस-पंचवीस पोरं आणि एकच परमनंट शिक्षक, बाकी अतिथी शिक्षकांवर चाललंय. सकाळी इंग्लिश मिडियमची व्हॅन गावात येते आणि दरवर्षी आणखी दोन-चार पोरं त्यात बसतात. एसडीएमसी (पालकांची शाळा विकास समिती) सगळीकडं आहे, ठराव बुक भरलेलं आहे, सह्या आहेत, पण मिटिंगला माणूस नाही. मला गाव फक्त १५ ऑगस्टला खाऊ वाटायला नकोय, शाळेचं काय करायचं ते ठरवायला बसलेलं पाहिजे. वरनं रोज काहीतरी माहिती मागतात त्यात दिवस जातो, तरी हे करायचंच आहे, कारण पटसंख्येपायी शाळा गेली तर वाड्यावरची पोरं पावसात नाला ओलांडून दुसऱ्या गावाला जाणार नाहीत, घरीच बसतील. कुठनं सुरुवात करू?

रिटायर्ड_हेडमास्तर
सर, पहिलं म्हणजे मिटिंगची वेळ बदला. आपल्याकडं जून-जुलैत सगळं गाव लावणीला चिखलात असतंय आणि आपण सकाळी अकराला नोटीस काढतो, मग कोण येणार ओ? संध्याकाळी, जेवणाच्या आधी, देवळात किंवा पारावर घ्या, शाळेतच पाहिजे असं काही नाही.

दुसरं, काही मागायच्या आधी हिशोब दाखवा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं अनुदान पटावर ठरतंय, ३० पर्यंत पोरं असली तर वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, आणि त्यातले निदान १० टक्के स्वच्छतेवर घालायचे. खातं एसडीएमसीचा अध्यक्ष आणि हेडमास्तर दोघांच्या सहीनं चालतंय, पण गावात विचारून बघा, लोकांना वाटतंय शाळेला लाखो रुपये येतात. मी खडूपासून नळाच्या तोटीपर्यंत सगळं एका कार्डशीटवर लिहून व्हरांड्यात लावायचो. पहिल्या वर्षी लोक नुसतं वाचून गेले. पुढच्या वर्षी एकानं विचारलं, सर एवढ्यात छप्पर कसं होणार? मग त्यानंच कौलं आणून दिली. मी मागितली नव्हती.

आणि गणपतीला गोव्याला-पुण्याला गेलेली पोरं गावात येतात, तेव्हा एक बैठक धराच.

वाड्यावरची_आई
मी एसडीएमसीत आहे म्हणून लिहिते. कायद्यानं समितीत अर्ध्या बायका पाहिजेत, म्हणून आमची नावं घालतात आणि बुक घरी पाठवून सही घेतात. मिटिंगला गेलं तरी पुरुष खुर्चीवर, आम्ही दाराजवळ. वरनं आलेलं पत्र कन्नडमध्ये असतंय, सर भरभर वाचतात आणि "झालं, सह्या करा" म्हणतात. सर, तुम्ही आलात की ते पत्र आधी मराठीत सावकाश सांगा, मग विचारा कुणाला काय वाटतंय, आणि पहिल्यांदा बायकांना विचारा.

आमच्याकडं फरक कशानं पडला सांगते. दोन-दोन आयांनी पाळीपाळीनं दुपारचं जेवण चाखायला जायचं ठरलं. बिसी ऊटाच्या (शाळेतल्या गरम जेवणाच्या) सांबारात डाळ किती पडते ते बघितलं, सकाळच्या दुधात पावडरीच्या गुठळ्या राहतात म्हणून पोरं ओतून टाकत होती ते कळलं. पावडर आधी थोड्या कोमट पाण्यात कालवून मग मोठ्या भांड्यात घालायला आम्हीच स्वयंपाकवाल्या मावशींना सांगितलं, तिनं पण ऐकलं. तसंच मुलींच्या संडासाला आतनं कडी नव्हती हे पण आम्हालाच दिसलं, ते कुठल्या फॉर्ममध्ये येत नाही. आता बायका मिटिंगला येतात, कारण बोललेलं होतंय हे बघितलंय.

निपाणीकर
ग्रामपंचायतीला विसरू नका. आमच्याकडं शाळेचं कंपाउंड आणि संडास रोजगार हमीतनं झालं, पण त्यासाठी काम आराखड्यात यायला लागतंय आणि आराखडा ग्रामसभेत ठरतोय. एसडीएमसीच्या ठरावाची कॉपी घेऊन पीडीओंकडं (पंचायतीचे विकास अधिकारी) आधीच जावा, ऐनवेळी गेलं तर पुढल्या वर्षावर जातंय. मक्कळ ग्रामसभा (मुलांची ग्रामसभा) असते तिथं पोरांनाच बोलू द्या, आमच्यात सातवीच्या पोरीनं रस्त्यावरच्या कुत्र्यांचं आणि लाईटचं सांगितल्यावर मेंबरांना उत्तर द्यायला लागलं.

बेळगावचा_पालक
सगळं बरोबर, पण एक गोष्ट स्पष्ट बोलतो. लोकसहभाग म्हणजे गावाच्या खिशातनं शाळा चालवणं असं होऊ देऊ नका. रंग, कौलं, बेंच गाव देईल, शिक्षक सरकारनंच द्यायचा. आरटीईत (शिक्षण हक्क कायद्यात) साफ लिहिलंय, ६० पोरांपर्यंत निदान दोन शिक्षक. हे सीआरपीनं वर कळवलं तर फाईलमध्ये पडतंय, तेच समितीनं ठराव करून, पालकांच्या सह्या घेऊन बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) ऑफिसला पोच घेऊन दिलं तर उत्तर द्यायला लागतंय. कलम २१ नं समितीत तीन-चतुर्थांश पालक आहेत आणि कलम २२ नं शाळा विकास आराखडा करायचं काम त्यांचं आहे, मग तो आराखडा त्यांनीच करू दे, हेडमास्तरनं रात्री बसून भरायचा नाही.

अमेरिकेत बहुतेक शाळा-जिल्ह्यांत लोकांनी निवडून दिलेलं बोर्ड असतंय, ते सुपरिंटेंडंट नेमतं आणि बजेटवर उघड्या बैठकीत कुणीही उठून बोलू शकतंय. आपल्या समितीला तेवढे अधिकार नाहीत, पण उघड्यावर बसून बोलायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि व्हॅनचं म्हणाल तर त्या पालकांवर चिडू नका, त्यांच्या घरी जावा. त्यांना इंग्लिश पाहिजे आणि इथं राहायचं तर कन्नड पण पक्कं पाहिजे, मराठी शाळेत कन्नड पहिलीपासून आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतंय. पोरगं तिसरीत गेल्यावर काय वाचू शकतंय ते त्यांच्यासमोर वाचून दाखवू दे.

घाटाकडचा_सीआरपी
खूप उपयोगी पडलं सगळ्यांचं. सगळ्या शाळा एकदम धरत नाही, लावणी संपली की एका वाड्यावर सुरू करतो, संध्याकाळची बैठक, अनुदानाचा तक्ता आधी भिंतीवर, पत्रं मराठीत सांगणं मी स्वतः करीन. ताई, ती जेवणाची पाळी तुम्ही वहीत लिहून ठेवता की तोंडीच चालते? आणि एखादी आई आली नाही तर काय करता?

वाड्यावरची_आई
वहीत लिहितो सर, तारीख, कोण आलं, काय होतं, काय कमी पडलं, एवढंच. वही स्वयंपाकघरातच असते, ऑफिसात ठेवली की कुणी उघडत नाही. एखादी नाही आली तर शेजारची जाते, त्यावरनं कुणाला बोलायचं नाही, हंगामात प्रत्येकीला काम असतंय.