विविध गुणदर्शनाचा अल्बम आणि ती लिंक

बी-४०२: नमस्कार सगळ्यांना. जरा मोठा मेसेज आहे, पण प्लीज पूर्ण वाचा. काल माझ्या भाचीने मला एक स्क्रीनशॉट पाठवला, तिच्या एरियातल्या कुठल्यातरी डान्स क्लासची जाहिरात, "नवीन बॅच सुरू", आणि त्यात आमच्या मुलीचा फोटो. गणपतीत कोळी नृत्याला बसवली होती ना तिला, हिरवी साडी, डोक्यावर टोपली, तोच. आम्ही त्या क्लासचं नाव कधी ऐकलेलं नाही, तिकडे कधी गेलेलो नाही. मी फोन केला तर त्या बाई म्हणाल्या, फॉरवर्ड आला होता, छान वाटला म्हणून घेतला. काढला त्यांनी लगेच. पण तो फोटो आपल्या सोसायटीच्या अल्बममधला आहे, कारण मी स्वतः असा फोटो कुणाला पाठवलेलाच नाही. काल रात्रभर झोप नाही लागली मला.

सेक्रेटरी (ए-१०१): ताई वाचून वाईट वाटलं. पण अल्बमची लिंक आपण फक्त याच ग्रुपवर टाकली होती. बाहेर कुठेच नाही.

बी-४०२: काका तेच तर म्हणतेय. ग्रुपवर टाकली म्हणजे संपलं. आपल्या ग्रुपवर २१४ जण आहेत, फ्लॅट ९६. जे भाडेकरू दोन-तीन वर्षांपूर्वी सोडून गेले ते अजून आहेत, एक-दोन ब्रोकर पण आहेत मला वाटतं. आणि यातल्या एकाने लिंक पुढे पाठवली की पुढचा माणूस कोण ते आपल्याला कधीच कळणार नाही.

सी-२०३: ताईंचं बरोबर आहे. गुगल फोटोजमध्ये लिंक शेअरिंग चालू असलं की लिंक ज्याच्या हातात तो अल्बम बघू शकतो, लॉगिन पण लागत नाही. म्हणजे ती लिंकच किल्ली आहे आणि किल्ली आपण सगळ्या कॉलनीत वाटली. मी आत्ता फोनवर इनकॉग्निटो विंडो उघडून, कुठल्याही अकाउंटशिवाय टाकून बघितली, ६३८ फोटो दिसले, सगळे डाउनलोड पण होतायत.

बी-१०२: अहो मग पासवर्ड ठेवा ना अल्बमला, प्रश्न मिटला

सी-२०३: गुगल फोटोजच्या अल्बमला पासवर्ड लावायची सोयच नाहीये. स्मगमगसारख्या साइटवर गॅलरीला पासवर्ड लावता येतो, आणि लग्नाचे फोटोग्राफर देतात ना पिनवाली लिंक, तसं. पण चार आकडी पिन म्हणजे फक्त १०,००० शक्यता, आणि समजा चांगला मोठा पासवर्ड ठेवला तरी आपण करणार काय, लिंक टाकणार आणि खालच्याच मेसेजमध्ये पासवर्ड टाकणार. फॉरवर्ड करणारा दोन्ही एकदम सिलेक्ट करून पाठवेल.

बी-१०२: हं. हे खरंय. मागच्या वर्षी वायफायचं तसंच झालं होतं, लिफ्टमध्येच चिकटवला होता

सेक्रेटरी (ए-१०१): पण लोकांना फोटो बघायचे असतात हो. दोन महिने मुलं प्रॅक्टिस करतात. ए-३०४ च्या आजींचा मुलगा न्यूजर्सीला आहे, तो दरवर्षी लिंकसाठी मेसेज करतो. समितीच्या बायकांनी तीन दिवस बसून फोटो निवडले आणि प्रत्येकाखाली नावं लिहिली.

बी-४०२: काका समितीबद्दल एक शब्द नाही माझा, खूप मेहनत घेतात त्या. पण नावांचंच सांगते. फोटोखाली लिहिलंय मुलीचं पूर्ण नाव, इयत्ता तिसरी, बी-४०२. रांगोळी स्पर्धेच्या फोटोत तर प्रत्येक दाराची पाटी दिसतेय. म्हणजे अनोळखी माणसाला चेहरा, नाव, वर्ग, घर नंबर सगळं एका ठिकाणी मिळतंय. आठ वर्षांच्या मुलीला खाली ग्राउंडवर कुणी नावाने हाक मारली तर ती जाईल, तिला वाटेल ओळखीचेच काका आहेत. मला याची भीती वाटते.

सी-५०१: माझी चाळीस वर्षं शाळेत गेली. आम्ही स्नेहसंमेलनाचे फोटो बोर्डावर लावायचो, आठ दिवसांनी उतरवायचो. बघायला जो यायचा तो गेटवरून नाव सांगून यायचा. आता तोच बोर्ड रस्त्यावर, कायमचा लावल्यासारखं झालंय. ताईंच्या काळजीत काहीही अतिरेक नाही.

सी-२०३: आणि एक, फोनने काढलेल्या फोटोत कुठे काढला ते लोकेशन पण साठवलेलं असतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ते निघून जातं, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जात नाही. अल्बमच्या ऑप्शन्समध्ये लोकेशन शेअर करायचं वेगळं बटण आहे, आपल्याकडे ते चालू आहे, आत्ताच पाहिलं.

सी-३०१: मी सहसा ग्रुपवर लिहीत नाही. पण आज लिहिते. मी इथे राहायला आले त्याचं कारण काही लोकांना माझा पत्ता कळू नये हे आहे. आरतीच्या फोटोत मी आहे, मागे आपल्या बिल्डिंगचं नाव स्पष्ट दिसतंय. फोटो काढताना कुणी विचारलं नव्हतं आणि मला तेव्हा सगळ्यांसमोर नको म्हणता आलं नाही. कृपया तो काढा. यापेक्षा जास्त नाही सांगता येणार.

बी-४०२: ताई, बरं केलंत लिहिलंत. मी आहे, कधीही दार वाजवा.

सेक्रेटरी (ए-१०१): ताई, माफ करा. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळ्यात आधी तुमचा फोटो काढतो. मग पुढचं काय करायचं ते कुणीतरी मला नीट सांगा, मी कॉम्प्युटरसमोर बसलोय.

सी-२०३: काका अल्बम उघडा, वर तीन ठिपके, ऑप्शन्स, तिथे लिंक शेअरिंग बंद करा. त्यानंतर ज्यांना आपण त्यांच्या अकाउंटने ॲड करू त्यांनाच दिसेल. खाली आधी जॉइन झालेल्या लोकांची यादी दिसेल, त्यात जे आपले नाहीत त्यांना काढा. लोकेशनचं बटण पण तिथेच आहे, तेही बंद.

सेक्रेटरी (ए-१०१): यादीत ३१ नावं आहेत. सात-आठ मला ओळखू येत नाहीत. एक नुसतं इंग्रजी अक्षर आहे.

सी-२०३: जे ओळखू येत नाही ते काढा, आपलं कुणी असेल तर ते स्वतः विचारतील. दुसरं महत्त्वाचं, हा अल्बम सोसायटीच्या कॉमन जीमेलवर आहे ना? त्याचा पासवर्ड किती जणांना माहितीये?

सेक्रेटरी (ए-१०१): कमिटीला. आधीच्या कमिटीला पण. ऑफिसच्या मॉनिटरला चिठ्ठी आहे, २०१९ पासून तोच चालू आहे.

सी-२०३: मग अल्बम कितीही बंद केला तरी मुख्य दरवाजा उघडाच आहे काका. त्या जीमेलमध्ये मेंटेनन्सच्या याद्या, भाडेकरूंची आधार कार्डं, सगळं आहे. २०१४ साली हॉलिवूडच्या नट्यांचे खासगी फोटो बाहेर आले होते ना, त्यात कुणी मोठं मशीन फोडलं नव्हतं, खोटे मेल पाठवून त्यांच्याकडूनच पासवर्ड काढून घेतले होते. आपल्याकडे तर चिठ्ठीच लावलेली आहे. आज पासवर्ड बदला, सिक्युरिटीमध्ये जाऊन बाकीच्या सगळ्या डिव्हाइसेसवरून साइन आउट करा आणि टू-स्टेप चालू करा, म्हणजे नुसत्या पासवर्डवर उघडणार नाही, तुमच्या फोनवरूनही खात्री द्यावी लागेल. गुगल १० बॅकअप कोड देतं, ते प्रिंट काढून कपाटात कुलुपात ठेवा म्हणजे तुमचा फोन बंद पडला तरी अडणार नाही.

बी-१०२: पण जे फोटो आधीच डाउनलोड झाले त्यांचं काय

सी-२०३: ते परत नाही येत. लिंक बंद केली की पुढचे थांबतात, एवढंच. कुणी वाईट कारणासाठी वापरले तर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करता येते, महिला आणि मुलांच्या बाबतीत वेगळा विभाग आहे त्यात. स्क्रीनशॉट आणि ती लिंक आधी जपून ठेवायची, मग समोरच्याला डिलीट करायला सांगायचं. ताईंनी तो स्क्रीनशॉट ठेवलाय ना?

बी-४०२: हो ठेवलाय, तारखेसकट.

सी-५०१: २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा तो मूल आणि त्याची माहिती वापरायची तर पालकांची संमती, असं आहे. पण मला वाटतं आपण शेजारी आहोत, कायद्यापर्यंत जायलाच नको. वर्गणी घ्यायला घरोघरी जातो तेव्हाच एक ओळ विचारावी, तुमच्या मुलांचे फोटो अल्बममध्ये चालतील का. वहीत हो किंवा नाही लिहायचं.

बी-४०२: सर हे मला सगळ्यात पटलं. आणि ज्यांनी नाही सांगितलं त्यांच्या मुलांना कार्यक्रमातून वगळायचं नाही, नाचू दे त्यांना, फक्त त्यांचे फोटो आईवडिलांना वेगळे पाठवायचे. मी करते ते काम पुढच्या वर्षी. फोटोखालची नावं पण मी आज रात्री बसून काढते, काका मला ॲड करा.

सेक्रेटरी (ए-१०१): केलं. लिंक बंद केली, लोकेशन बंद केलं, नऊ जण काढले, सी-३०१ ताईंचे तीन फोटो होते ते तिन्ही डिलीट केले, ट्रॅशमधून पण. पासवर्ड बदलला, चिठ्ठी फाडली. ज्यांना अल्बम हवा त्यांनी मला पर्सनलवर आपला जीमेल पाठवा, इथे ग्रुपवर नको. आयफोनवाल्यांचंही गुगल अकाउंट असलं की चालतं.

बी-४०२: आत्ता लॉगिन न करता जुनी लिंक टाकून बघितली. उघडत नाही. थँक्यू काका, खरंच.

सी-३०१: 🙏

ए-३०४: मला जीमेल वगैरे काही येत नाही. नातवाच्या बासरीचा व्हिडिओ आहे त्यात, मुलगा विचारतोय

बी-४०२: आजी, संध्याकाळी सातला येते तुमच्याकडे. फोन चार्ज करून ठेवा, आणि दादाचा जीमेल त्याला विचारून ठेवा, त्यालाही काका ॲड करतील.

ए-३०४: ये ग. थालीपीठ लावते