स्पर्धेतील ग्लायडरमध्ये कृत्रिम क्षितिजाला मनाई का?

उत्तरवारा (मूळ प्रश्न)

मी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये ग्लायडर (बिनइंजिनाचे विमान) उडवायला शिकलो आणि गेली काही वर्षे नोकरीनिमित्त दक्षिण जर्मनीत असल्यामुळे इथल्या एका क्लबमधून क्रॉस-कंट्री, म्हणजे लांब पल्ल्याची, उड्डाणे करतो. पुढच्या हंगामात प्रथमच एखाद्या स्पर्धेत उतरावे असा विचार आहे. त्यासाठी एफएआयच्या (आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या) क्रीडासंहितेतील जागतिक आणि खंडीय स्पर्धांचे परिशिष्ट वाचायला घेतले, कारण बहुतेक देशांतील स्थानिक नियम त्याच्याच धर्तीवर असतात. ढगात शिरण्यास मनाई आहे, हे समजण्यासारखे आहे. परंतु त्यालाच जोडून असेही म्हटले आहे की, जमीन न दिसता उडणे ज्यामुळे शक्य होते असे उपकरण, नादुरुस्त असले तरीही, ग्लायडरमध्ये नेता येणार नाही.

अडचण अशी की क्लबच्या ग्लायडरमधील व्हेरिओ, म्हणजे चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणारे उपकरण, नव्या पद्धतीचा आहे. त्यात जायरो (वळणे व कलणे ओळखणारा संवेदक) आणि त्वरणमापक आहेत, आणि पडद्यावरचे एक पान कृत्रिम क्षितिजाचे आहे, म्हणजे बाहेर काही दिसत नसतानाही ग्लायडर किती कलला आहे हे त्यावर कळते. खिशातल्या फोनमध्येही जायरो असतोच. डोंगरांवरून वाहणाऱ्या वाऱ्याच्या लहरींत उंच चढल्यानंतर खालच्या ढगांमधील फट बंद झाली, तर हेच पान माझा जीव वाचवू शकेल. मग ते काढून टाकायला लावणारा नियम सुरक्षिततेचा कसा म्हणावा? अनुभवी सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मेघतळ

आपला प्रश्न रास्त आहे, पण नियमामागील कारण ढगात सापडलेल्या एकट्या वैमानिकापुरते मर्यादित नाही, म्हणून थोडे मागे जावे लागेल.

१९२६ साली जर्मनीतील वासरकुप्पे येथे ग्लायडर-वैमानिक माक्स केगेल वादळी ढगात ओढला गेला आणि तेथून सुमारे ५५ किलोमीटर अंतरावर सुखरूप उतरला. ढगाच्या पोटात केवढी शक्ती असते, हे त्या उड्डाणाने सर्वांना दाखवून दिले. पुढच्या काळात ढगातून चढणे हा स्पर्धेतला एक मान्य डावच झाला आणि ज्याच्याकडे जायरो व तो वापरण्याचा सराव होता, तो इतरांपेक्षा हजारो फूट वर जाऊ लागला. आता आजच्या स्पर्धेतले चित्र डोळ्यांसमोर आणा. प्रारंभरेषा खुली होण्याआधी एकाच थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या उबदार हवेच्या स्तंभात) वीस-तीस ग्लायडर वर्तुळे घेत असतात आणि त्यातले सर्वात वरचे ढगाच्या तळाला जवळजवळ टेकलेले असतात. त्यांच्यातील दोघे-तिघे जरी ढगात शिरले, तरी ते एकमेकांना दिसेनासे होतात आणि त्यातला कोणी ढगातून बाहेर पडताना नेमका कोणाच्या डोक्यावर येईल, हे कोणालाच सांगता येत नाही. ब्रिटनमध्ये ढगातले उड्डाण कायद्याने मान्य आहे आणि तेथे १३०.४ मेगाहर्ट्झवर आपली जागा व उंची सांगून ढगात शिरण्याची शिस्त रुजलेली आहे. आपली उंची प्रतिस्पर्ध्याला कळू नये असे ज्यांना वाटते, त्या स्पर्धकांच्या घोळक्यात ही शिस्त टिकेल, यावर माझा विश्वास नाही.

उपकरण नसण्याचा धाक किती खरा आहे, हेही सांगतो. १९५४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात, केवळ उपकरणांवर उडण्याचा अनुभव नसलेल्या २० वैमानिकांची चाचणी घेण्यात आली. क्षितिज दिसेनासे केल्यावर विमान हाताबाहेर जायला त्यांना सरासरी १७८ सेकंद लागले आणि २० पैकी १९ जण वेगवान सर्पिल गिरकीत सापडले. पडद्यावर क्षितिज नसलेला वैमानिक ढगाच्या कडेपासून लांब राहतो, याचे कारण त्याच्या सभ्यपणापेक्षा ही भीती अधिक आहे. पडद्यावर क्षितिज असले, की 'आणखी पन्नास मीटर चढून पाहू' हा मोह सुरू होतो.

वाऱ्याची_दिशा

मेघतळ यांनी दिलेले कारण मला पूर्ण मान्य आहे, तरीही नियम उपकरणाला बांधून ठेवणे आता योग्य राहिलेले नाही, असे माझे ठाम मत आहे.

जायरो ही स्वतंत्र डबी होती, तिला वेगळी वीज लागत होती आणि ती पॅनेलवर उघड दिसत होती, तोवर हा नियम अंमलात आणणे सोपे होते. तपासनीस कॉकपिटमध्ये डोकावला की काम झाले. आज तेच संवेदक व्हेरिओच्या मूळ कामासाठी लागतात. वाऱ्याचा झोत आडवा आहे की उभा, हे केवळ दाबावरून ओळखता येत नाही. ग्लायडरची अंगस्थिती, त्वरण आणि उपग्रहावरून मिळणारा वेग यांची सांगड घातली, तरच वर उचलणारी खरी हवा आणि समोरून आलेला झोत वेगळे काढता येतात आणि वाऱ्याचा अंदाज क्षणाक्षणाला मिळतो. म्हणून आता संवेदकाऐवजी त्याच्यापासून काढलेले क्षितिजाचे चित्र बंद ठेवणे, हाच व्यवहार्य मार्ग उरतो. काही उत्पादक तशी सोय देतात आणि ते पान स्पर्धेपुरते कुलूपबंद करता येते.

खरा पुरावा उड्डाणाच्या नोंदीत असायला हवा. १९९० च्या दशकात वळणबिंदू गाठल्याचा पुरावा म्हणून घेतली जाणारी छायाचित्रे मागे पडून सीलबंद लॉगर (उड्डाणाची नोंद ठेवणारी उपकरणे) आले, तेव्हापासून प्रत्येकाची दाबावरून मोजलेली उंची आणि जागा परीक्षकांच्या हाती असते. लॉगरला ढग दिसत नाही, हे खरे. मात्र एकाच थर्मलमध्ये, त्याच दहा मिनिटांत तीस जण १,८०० मीटरवर थांबले आणि एकटाच १,९५० पर्यंत चढत गेला, तर त्याला बोलावून विचारण्याइतके कारण नक्कीच मिळते. हा पुरावा निर्णायक नाही, कारण ढगाचा तळ सगळीकडे सारखा नसतो. तरीही फोनमधल्या जायरोकडे काणाडोळा करायचा आणि व्हेरिओतल्या जायरोवर बोट ठेवायचे, यापेक्षा तो अधिक न्याय्य आहे.

लांबचा_टप्पा

या चर्चेत फ्लार्म या टक्कर-इशारा उपकरणाचा विषय यायलाच हवा, कारण निकालावर त्याचा परिणाम कृत्रिम क्षितिजापेक्षा जास्त होतो.

२००४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हे उपकरण आले ते टकरी टाळण्यासाठी. प्रत्येक ग्लायडर आपली जागा आणि पुढचा अपेक्षित मार्ग रेडिओवरून सांगतो आणि धोका दिसला की दोघांनाही इशारा मिळतो. अनेक स्पर्धांत ते सक्तीचे झाले, आणि ते योग्यच झाले. पुढे पल्ला वाढला आणि पडद्यावर समोरच्या ग्लायडरचा चढण्याचा वेगही दिसू लागला, तेव्हा काही किलोमीटर पुढे कोणाला चांगली थर्मल मिळाली, हे आकाश न वाचताच कळू लागले. त्यावर उपाय म्हणून 'स्टेल्थ' स्थिती आली. तिच्यात टकरीचे इशारे कायम राहतात, पण इतरांची ओळख आणि चढण्याचा वेग झाकला जातो. जो स्वतःला झाकून घेतो, त्यालाही इतरांची माहिती कमीच मिळते. तरीही तिच्या सक्तीला विरोध करणारे म्हणतात की, लांबूनच दिसणारा ग्लायडर हीदेखील सुरक्षितताच आहे. मी दोन्ही बाजूंनी विचार केला आहे आणि माझा कल स्टेल्थकडे आहे, कारण पडद्यावर खिळलेले डोळे बाहेर पाहत नाहीत.

जमिनीवरची माहिती हा याचाच पुढचा भाग. जानेवारी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील लेक कीपिट येथे महिलांच्या जागतिक स्पर्धेत, प्रेक्षकांना उशिराने दाखवला जाणारा ट्रॅकिंगचा (कोणता ग्लायडर कुठे आहे याचा) तपशील यजमान संघाला विनाविलंब मिळत होता, यावरून मोठा वाद झाला आणि संघाला दंडाचे गुण लावण्यात आले. त्या वादाचा कॉकपिटमधल्या कोणत्याही उपकरणाशी संबंध नव्हता.

उत्तरवारा

सर्वांचे मनापासून आभार. घोळक्यातल्या इतरांचा विचार मी केलाच नव्हता, हे प्रामाणिकपणे मान्य करतो. मात्र लहरींत असताना खालच्या ढगांमधील फट बंद झाली तर काय करावे, हा प्रश्न अजून उरतोच.

मेघतळ

त्यासाठी, म्हणजे क्षितिज न दिसता ढगातून खाली येता यावे म्हणून, आपल्या ग्लायडरची सौम्य गिरकी तपासून पाहा. भरपूर उंचीवर, निरभ्र हवेत आणि प्रशिक्षकाला सोबत घेऊन वेग कमी करा, एअरब्रेक पूर्ण उघडा, ट्रिम (दांडा न धरता वेग कायम राखणारी जुळणी) ठरवा आणि दांडा व पायांवरचा ताबा सोडा. काही ग्लायडर स्वतःहून एका स्थिर, मर्यादित वेगाच्या वळणात बसतात आणि तसेच खाली येत राहतात, तर काही बसत नाहीत. आपला कोणत्या प्रकारचा आहे, हे ढगांतील फट बंद होण्याआधीच ठाऊक असले पाहिजे. नियमावलीनुसार कोणती उपकरणे या मनाईत मोडतात, हे आयोजकांना ठरवता येते. म्हणून व्हेरिओचे मॉडेल आणि त्यातील सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहून त्यांना आताच पत्र पाठवा आणि त्यांच्या उत्तराची छापील प्रत तपासणीच्या दिवशी सोबत ठेवा.