सॅल्व्हेज टायटलची कॅमरी ऑक्शनमधून घेऊन घरी दुरुस्त करावी का? (टेक्सास)

ह्यूस्टनकर
नमस्कार मंडळी. मुलगी पुढच्या वर्षी कॉलेजला जाईल, तिच्यासाठी गाडी बघतोय. कोपार्टवर (अपघातातल्या गाड्यांचा ऑनलाइन लिलाव) 2019 ची टोयोटा कॅमरी दिसली, टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, मोठ्या नुकसानीचा 'सॅल्व्हेज' शेरा आहे, पुढून ठोकलेली, बंपर, हूड, एक हेडलाइट गेलाय, ड्रायव्हरची एअरबॅग उघडलीय, पण 'रन अँड ड्राइव्ह' लिहिलंय आणि बोली अजून 3,200 डॉलरवरच आहे. ब्रेक, सस्पेन्शनची कामं मी घरी गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं करतोय, वेल्डिंग मात्र येत नाही. कोणी स्वतः अशी गाडी उभी केलीय का? नक्की कुठे फसतो माणूस?

पाना_पक्कड
दोन केल्यात, एक जमली आणि एक महागात पडली. आधी 'रन अँड ड्राइव्ह'चा अर्थ समजून घ्या, लिलावाच्या यार्डात आली तेव्हा सुरू झाली, गिअर पडला आणि जागची हलली, बस एवढंच. हायवेवर चालेल असं कोणी म्हणत नाहीये. आणि 3,200 ही गाडीची किंमत नाही हो, वर बायर फी, गेट फी, टोइंग, आणि वेळेत उचलली नाही तर यार्डाचं रोजचं भाडं. माझ्या दुसऱ्या गाडीत असंच झालं, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

पण पैशापेक्षा मला एअरबॅगची काळजी वाटते. एअरबॅग उघडली म्हणजे नुसती बॅग बदलून भागत नाही, बेल्टचा प्रीटेन्शनर (धडकेत पट्टा आवळणारा भाग) बहुतेक वेळा सोबत उडालेला असतो, त्यात बारूद असते, एकदा उडाला की संपला. एसआरएस मॉड्यूलमध्ये (एअरबॅग चालवणारा कंप्युटर) क्रॅशचा डेटा बसलेला असतो, तेही बदलावं किंवा रीसेट करून घ्यावं लागतं. ऑनलाइन शंभर-दीडशेला मिळणारी नवीकोरी बॅग कृपा करून घेऊ नका, 2024 मध्ये एनएचटीएसएने (अमेरिकेची सरकारी रस्ते सुरक्षा संस्था) अशा निकृष्ट इन्फ्लेटरबद्दल (बॅग फुगवणारा भाग) इशारा दिलाय, त्यांचे धातूचे तुकडे उडून माणसं गेलीत. मुलगी बसणार आहे त्यात. डीलरकडूनच नवी घ्या, तिचा भाव काढा आणि मग बोलीचा विचार करा.

कागदपत्रवाली
दादा, टायटलवर नेमकं काय छापलंय ते आधी वाचा. 'सॅल्व्हेज' असेल तर दुरुस्तीनंतर टेक्सासमध्ये 'रिबिल्ट सॅल्व्हेज' (दुरुस्त करून परत उभी केलेली) करून घेता येतं, पण 'नॉनरिपेअरेबल' असेल तर ती परत कधीच रस्त्यावर येणार नाही, फक्त पार्टसाठी. रिबिल्टसाठी व्हीटीआर-61 फॉर्म भरायचा, कोणते मोठे पार्ट टाकले आणि ते कोणाकडून घेतले ते लिहायचं, 65 डॉलर वेगळे. प्रत्येक पावती जपा, दुसऱ्या गाडीतून काढलेला पार्ट असेल तर त्या गाडीचा व्हीआयएनही (गाडीचा ओळख क्रमांक) लिहून घ्या, आणि काम सुरू करायच्या आधीचे फोटो काढून ठेवा.

अजून एक, 1 जानेवारी 2025 पासून टेक्सासमध्ये खासगी गाड्यांचं सेफ्टी इन्स्पेक्शनच बंद झालंय. म्हणजे ब्रेक, लाइट नीट आहेत का हे सरकारी माणूस बघणार नाही, ते तुमचं तुम्हालाच बघायचंय. इन्शुरन्सला बोलीच्या आधी फोन करा, पुष्कळ कंपन्या रिबिल्टला फक्त लायबिलिटी (समोरच्याच्या नुकसानीचा विमा) देतात, फुल कव्हरेजला नाही म्हणतात.

पाना_पक्कड
हो, आणि राज्य बदललं की नियमही बदलतात. टेक्सासमध्ये दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त झाला तरच सॅल्व्हेज म्हणतात, फ्लोरिडात 80 टक्क्यांवर, न्यूयॉर्कमध्ये 75 वर. म्हणजे टेक्सासची सॅल्व्हेज बऱ्याचदा जास्तच मोडलेली असते, हे लक्षात ठेवून बोली लावा. एनआयसीबी या विमा-गुन्हे शोधणाऱ्या संस्थेचं व्हिनचेक (व्हीआयएन टाकून चोरीची किंवा सॅल्व्हेजची नोंद बघणं) फुकट आहे, ते करा. आणि प्रिव्ह्यूच्या दिवशी (लिलावाआधी गाडी बघायला देतात तेव्हा) प्रत्यक्ष जाच, फोटोवर भरवसा नको. बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, डिकीतलं स्पेअर व्हील उचलून खाली हात फिरवा. मी एक कोरोला बघितली होती, वरून शाम्पू मारून चकचकीत, बेल्टचा शेवटचा वीतभर भाग बाहेर काढला तर त्यावर चिखलाची रेघ आणि वास. पुरातली गाडी. वायरिंगमध्ये पाणी गेलं की सहा महिन्यांनी एकेक गोष्ट बंद पडत जाते, तिला हातच लावू नये.

ह्यूस्टनकर
सगळ्यांचे मनापासून आभार, आज यार्डात जाऊन आलो. पुराचं काही नाही, पण ड्रायव्हरचा बेल्ट काठीसारखा ताठ, ओढला तर येईना, सोडला तर आत जाईना. हूडखाली उजव्या स्ट्रट टॉवरजवळ (सस्पेन्शन वर जिथे बसतं तो भाग) रंग तडकलाय, पत्र्याला सुरकुती पडलीय, आणि त्या बाजूच्या दाराची फट वर बोटभर, खाली नखाएवढी.

पाना_पक्कड
मग सोडाच. फट अशी असेल तर मार आतपर्यंत गेलाय, फ्रेम बेंचवर (सांगाडा मोजायचं आणि सरळ करायचं मशीन) चढवून मापं घ्यावी लागतील, तिथे ताकदीचं स्टील असतं, तापवून सरळ करायचं नसतं, कापून नवीन पॅनल वेल्ड करावं लागतं. तुमच्या गॅरेजमध्ये होणारं काम नाही हे.

कागदपत्रवाली
गारपिटीने पत्रा चेपलेल्या किंवा चोरीला जाऊन परत सापडलेल्या बघा. सांगाडा आणि एअरबॅग शाबूत असतात बहुतेक.

ह्यूस्टनकर
सोडली कॅमरी. गारपिटीतली एक सिव्हिक दिसतेय, शनिवारी प्रिव्ह्यू आहे, बेल्ट चारही ओढून बघतो आणि टायटलचा फोटो इथे टाकतो.