संध्याकाळी सातला घरी येऊन लहान मुलांसाठी गरम जेवण काय करता? रोज तीन वेगळे स्वयंपाक होतायत

दोनपिल्लांचीआई
नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारू विचारू म्हणत होते. आम्ही चिंचवडला राहतो, मोठा साडेसहा वर्षांचा आणि धाकटी अडीच. ऑफिसमधून निघून, धाकटीला पाळणाघरातून घेऊन घरी पोचेपर्यंत सात वाजून गेलेले असतात, नवरा आठला येतो. सकाळी पोळीभाजीच्या मावशी येतात त्यामुळे डब्यांचं निभतं, प्रश्न आहे तो रात्रीचा.

होतं काय की धाकटीला फक्त दहीभात नाहीतर साधं वरण-भात-तूप लागतं, त्यात मोहरीचा एक दाणा जरी दिसला तरी बोटाने काढून ताटाच्या कडेला ठेवते. मोठ्याला नूडल्स नाहीतर चीज घातलेलं काहीतरी. नवरा दुपारी डब्यातलं गार खातो म्हणून त्याला रात्री जरा चमचमीत हवं असतं, आणि त्याचंही चुकत नाही. म्हणजे रोज एक कुकर, एक पातेलं, एक कढई, आणि मी जेवायला बसते तेव्हा साडेनऊ वाजलेले असतात, मुलं पेंगलेली.

गेल्या आठवड्यात तीन दिवस बाहेरून मागवलं. तिसऱ्या दिवशी मोठा म्हणाला, "आई, आजीकडे कसं वाफ येणारं जेवण असतं, आपल्याकडे तसं कधी असणार?" आजी म्हणजे माझी आई, साताऱ्याला असते. तो अगदी सहज बोलून गेला पण मला रात्री झोप लागली नाही. आई पण नोकरी करायची, आम्ही तिघं भावंडं, तरी संध्याकाळी एकच मोठं पातेलं खाली यायचं आणि आम्ही सगळे त्याच्याभोवती. मला तसं काहीतरी हवंय. एकच पदार्थ, सगळ्यांना तोच, ३५-४० मिनिटांत होणारा, पोटभरीचा. खिचडी येते आणि होते पण आठवड्यातून दोनदाच चालते, तिसऱ्या दिवशी सगळ्यांची तोंडं उतरतात. तुमच्याकडे काय करता ते जरा सविस्तर सांगा ना, म्हणजे प्रमाणासकट.

वऱ्हाडची_आजी
बेटा, तुझं वाचून माझे जुने दिवस आठवले, मी पण पस्तीस वर्षं शाळेत नोकरी केली. आधी एक गोष्ट सांगते, तिखट वेगळं काढायला शिक, मग तीन स्वयंपाक करावे लागत नाहीत. मूळ पदार्थ बिनतिखटाचा करायचा, लेकरांचं काढून घ्यायचं आणि मग वरून फोडणी. आमच्याकडे सगळं असंच चालतं.

आता वरणफळं सांगते. पाऊण वाटी तुरीची डाळ, हिंग-हळद आणि तेलाचे दोन थेंब घालून कुकरला लाव. डाळ सकाळीच धुऊन भिजत ठेवलीस तर तीन शिट्ट्यांत मऊ होते. (भिजवून फ्रिजमध्ये ठेव, आता गरमीत बाहेर राहिली तर फसफसते.) कुकर होतोय तोवर दीड वाटी कणीक, दोन चमचे बेसन, हातावर चोळलेला ओवा, मीठ, हळद आणि चमचाभर गरम तेल घालून घट्ट मळायची, पोळीपेक्षा घट्ट, पुरीसारखी. डाळ चांगली घोटून घे आणि त्यात पाच-सहा वाट्या गरम पाणी घाल. पातळ दिसेल, दिसू दे, फळं पाणी ओढतात. त्यात आमसुलं दोन-तीन, सुपारीएवढा गूळ, चमचाभर गोडा मसाला, मीठ. खळखळ उकळी आली की पोळी लाटून शंकरपाळ्यासारखी कापायची आणि एकेक फळ सोडत जायचं. झाकण अर्धवट ठेवून बारा-पंधरा मिनिटं शिजू दे. फळ तोडून बघायचं, मधे पांढरी रेघ दिसली की अजून कच्चं.

आता लेकरांच्या ताटल्या भर, वर साजूक तूप. मग छोट्या कढईत तेल, मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण बऱ्यापैकी, सुक्या लाल मिरच्या आणि शेवटी गॅस बंद करून तिखट, आणि हे मोठ्यांच्या ताटात वरून. तुझ्या नवऱ्याला दुसरं काही लागणार नाही. मोठ्याला फळं कापायला बसव, कातणं हातात दे. माझा नातू पाच वर्षांचा असल्यापासून कापतो, वाकडीतिकडी कापतो पण स्वतः कापलेली शोधून शोधून खातो.

दुसरा आमचा गोळाभात. हरभरा डाळीचा भरडा एक वाटी, त्यात हळद, जिरं, ओवा, मीठ, थोडं तिखट (लेकरांच्या गोळ्यांत घालू नको, ते जरा चपटे कर म्हणजे ओळखू येतात), दोन चमचे तेल, पाणी बेताचं घालून घट्ट गोळे वळायचे. भात मोकळ्या पातेल्यात ठेवायचा, अर्धा शिजला आणि पाणी वर दिसतंय तेव्हाच गोळे त्यात खोचायचे आणि मंद आचेवर झाकण. भाताच्या वाफेवरच गोळे शिजतात. खाताना गोळा गरम भातात कुस्करायचा आणि वर हिंग-मोहरीच्या फोडणीचं तेल ओतायचं. सोबत चिंचेचं सार नाहीतर ताकाची कढी. थंडीत तर याच्यासारखं सुख नाही.

देवगडकर
आजींनी मस्त सांगितलंय, वरणफळं उद्याच करतो. आमच्याकडचं सांगतो, बायकोची शिफ्ट असते त्यामुळे आठवड्यातले चार दिवस रात्रीचं माझ्याकडे आहे, मुलगा चार वर्षांचा.

तांदळाची उकड. वीस मिनिटांच्या आत होते आणि कुकरसुद्धा लागत नाही. एक वाटी तांदळाची पिठी, दोन वाट्या आंबट ताक, दीड वाटी पाणी, मीठ, सगळं गुठळ्या न ठेवता कालवून घ्यायचं. कढईत तेल, मोहरी, हिंग, कढीपत्ता, लसूण, किसलेलं आलं. मिरची घालायची तर मधे चीर देऊन अख्खी, म्हणजे वास लागतो आणि मुलाच्या वाटीतून उचलून काढता येते. कालवलेलं पीठ ओतलं की हात थांबवायचा नाही, ढवळत राहायचं, घट्ट होऊन कडा सुटायला लागल्या की झाकण ठेवून मंद गॅसवर दोन दणदणीत वाफा. पिठाचा पांढरेपणा जाऊन चकाकी येते तेव्हा झाली समजायची. बशीत पसरून मधे खळगा करून त्यात कच्चं तेल नाहीतर तूप. मुलाला ती कडेकडेने खायची असते, मधलं तळं शेवटी फुटलं पाहिजे असा त्याचा नियम आहे. तुमच्या धाकटीला नक्की आवडेल, दहीभाताच्या जवळची चव आहे, फक्त तिची वाटी मोहरीशिवाय करा.

आजारपणातून उठल्यावर किंवा पावसात भिजून आलं की आमच्याकडे उकड्या तांदळाची पेज, तिला वेळ लागतो म्हणून मी ती रविवारीच करतो. आई सोबत सुका बांगडा भाजायची, मुलांना खोबऱ्याची चटणी.

म्युनिकचा_बाबा
आमचा प्रश्न थोडा वेगळा आहे पण लिहितो, परदेशात असणाऱ्या कोणाला उपयोग होईल. इथे किटामध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघर-बालवाडीत, मुलांना दुपारी गरम जेवण मिळतं आणि मग बऱ्याच घरांत संध्याकाळी ब्रेड, चीज, काकडी असं थंडच जेवतात. मुलगी पाच वर्षांची, तिलाही तेच हवं असायचं. सुरुवातीला आम्ही वाद घातला, आता आठवड्यातून दोन दिवस तेच जेवतो सगळे आणि बाकीचे दिवस आपलं. तेव्हापासून कुरकुर नाही.

इथे मोठ्या भारतीय दुकानात दर आठवड्याला जाणं होत नाही, म्हणून जवळच्या सुपरमार्केटमध्ये मिळणाऱ्या लाल मसूर डाळीवर भर असतो. ती सोललेली असते, भिजवायला लागत नाही, पातेल्यात पंधरा-वीस मिनिटांत विरघळते. आणि दुधातल्या गोड भातासाठी इथे जो आखूड गोल तांदूळ मिळतो, मिल्शराईस म्हणतात, त्याचा मऊ भात इतका छान होतो की आंबेमोहराची आठवण येते, वास सोडून. एका भागाला चार भाग पाणी आणि शेवटी रवीने नाही, पळीच्या पाठीने घोटायचा. त्यावर मेतकूट, तूप, मीठ. मेतकूट आई दर वर्षी बांधून देते, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, गहू वेगवेगळे भाजून, त्यात धने-जिरे, सुंठ, हिंग, हळद, जरासे मेथीदाणे. वेगवेगळेच भाजायचे बरं का, एकत्र भाजलं की तांदूळ कच्चा राहतो आणि डाळ करपते, मी एकदा करून बघितलंय. मेतकुटाचा डबा संपत आला की घरात सगळ्यांचं लक्ष असतं, मुलगी तर डबा हलवून बघते.

पाटीपेन्सिल
पदार्थ सगळ्यांनी छान सांगितले, मी जेवणाच्या वेळेबद्दल लिहिते. ताई, तुमची धाकटी पाळणाघरात संध्याकाळी काय खाते ते एकदा विचारा. माझ्या मुलाला तिथे सहा वाजता बिस्किटं आणि दूध मिळायचं आणि आठ वाजता तो जेवत नाही म्हणून मी रोज रडकुंडीला यायचे. त्यांना सांगून ते साडेचारला करून घेतलं, सहाला फक्त एखादं फळ. आठ दिवसांत फरक पडला.

आणि मुलं नवऱ्यासाठी थांबतात का? थांबवू नका. सव्वासातला कुकर लागला तर पावणेआठला मुलांची पानं वाढता येतात, तुम्ही त्यांच्याबरोबरच चार घास खा. एकटं मूल ताटासमोर बसवलं आणि आपण समोर उभं राहून "खा, खा" केलं की ते खात नाही, हे मी बालवाडीत रोज बघते.

मोहरीचा दाणा काढून ठेवते ना, ठेवू दे. ओरडू नका. नवीन पदार्थ पानात थोडासा, लिंबाएवढा वाढायचा, शेजारी तिच्या ओळखीचा दहीभात. पहिल्या दिवशी बघेल, तिसऱ्या दिवशी बोट लावेल. काही मुलांना आठ-दहा वेळा तो पदार्थ पानात दिसावा लागतो, तेवढा धीर आपण धरत नाही. दोन वेळा नको म्हणाली की "तिला आवडत नाही" असा शिक्का मारून टाकतो, मी पण हेच केलं होतं भोपळ्याच्या बाबतीत, नंतर तोच भोपळा किसून थालिपिठात घातला तर दोन-दोन खाल्ली. मोहरी, शेंगदाणे मात्र एवढ्या लहान मुलांना अख्खे दिसतील असे ठेवूच नका, विशेषतः शेंगदाणे, घशात अडकतात. कूट घाला.

दोनपिल्लांचीआई
सगळ्यांना मनापासून थँक्यू, चार दिवसांनी लिहितेय कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

आधी आजी, तुमची रेसिपी वाचून मी आईला फोन केला आणि म्हटलं वरणफळं म्हणजे काय गं, तर ती म्हणाली अगं त्या आपल्या चकोल्याच की, मोठ्या पितळी पातेल्यात करायचे ते काय होतं मग! मला नावच आठवत नव्हतं, वास मात्र लख्ख आठवत होता. मोठ्याने आजीकडे तेच खाल्लं होतं दिवाळीत. बुधवारी केलं, त्याने कातण्याने सगळी फळं कापली, मधे दोन तारे पण कापले आणि ते बहिणीच्या ताटात वाढले. ती तारे खाऊन "अजून" म्हणाली. अजून, म्हणाली! नवऱ्याने वरून लसणाची फोडणी घेतली आणि तीनदा वाढून घेतलं. साडेआठला ओटा पुसून झाला होता माझा.

पाळणाघरात विचारलं, खरंच सहा वाजता क्रीमची बिस्किटं देत होते, आता केळं देतील म्हणाल्या. उकड शुक्रवारी केली, मोठ्याला फार नाही आवडली, धाकटीने तळं फोडलं आणि संपवली, त्यामुळे ती ठेवणार आहे.

एकच अडचण, काल परत चकोल्या केल्या तर फळं एकमेकांना चिकटून गोळा झाला, आणि मुलांना वाढेपर्यंत इतकं घट्ट झालं की पळी उभी राहील. पहिल्यांदा छान झालं होतं, मग काय चुकलं असेल?

वऱ्हाडची_आजी
घाईत सगळी फळं एकदम टाकली असशील बेटा, किंवा वरणाची उकळी मोडली असेल. गॅस मोठा ठेवायचा, पाच-सहा फळं सोडायची, ती वर आली की पुढची. कापलेली फळं ताटात एकावर एक नको रचू, थोडं कोरडं पीठ भुरभुरव आणि पसरून ठेव. घट्ट तर ते होणारच, बसलं की आणखी आळतं, म्हणून शेजारच्या शेगडीवर दोन वाट्या पाणी उकळत ठेवायचं आणि वाढायच्या आधी घालून एक उकळी काढायची. गार पाणी घालू नको, चव पांचट होते. आणि उरलं तर सकाळी तव्यावर तेलात लसूण टाकून खमंग परत, थोडं खाली लागू दे. त्या खरपुडीसाठी माझ्या घरी भांडणं व्हायची, तुझ्या मोठ्याला दे आणि सांग मला काय म्हणाला ते.