ऑइलमध्ये सोनेरी चमकी, इंजिनात ठकठक

प्रश्न: ऑइल बदलताना सोनेरी चमकी दिसली. इंजिन गरम झालं की २,००० आरपीएमच्या आसपास खोल ठकठक येते. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) की बेअरिंग (क्रँकचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचा आधार)?

उत्तर १: चमकी मॅग्नेटला चिकटत नसेल तर बहुधा बेअरिंगचं तांबं. ऑइल फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडून बघा. ड्रेन प्लगवरची (ऑइल काढायच्या बुचावरची) मऊ काळी पेस्ट मात्र साधी झीज असते, घाबरू नका. टॅपेट वरून वाजतो, क्रँकच्या निम्म्या गतीने.

उत्तर २: एकेका सिलिंडरचा इंजेक्टरचा (इंधन फवारणाऱ्या भागाचा) कनेक्टर काढा. आवाज दबला तर बहुधा त्याच सिलिंडरचं रॉड बेअरिंग (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथलं).

उत्तर ३: जाड ऑइल घालून आवाज झाकू नका, गाडी चालवूही नका. संप (इंजिनाखालचं ऑइलचं पात्र) उतरवा. क्रँक जर्नलवरच्या (क्रँकवर बेअरिंग बसतं त्या गुळगुळीत भागावरच्या) ओरखड्यात नख अडकलं तर नुसते शेल (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) बदलून भागत नाही, ग्राइंडिंग लागतं. ऑइल कूलरही बदला. त्यात अडकलेले कण नवे शेल खातात.