चार्जबॅक नाही, पण परताव्याचं काय?
"क्रिप्टोत चार्जबॅक होत नाही, म्हणजे गेम विकणाऱ्याचा फायदाच" असं बरेचदा म्हटलं जातं. चार्जबॅक म्हणजे ग्राहकाने बँकेकडे तक्रार करून कार्डाने दिलेले पैसे परत खेचणं. पण हा मुद्दा अर्धाच खरा आहे. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाने एप्रिल 2016 मध्ये बिटपे या पेमेंट कंपनीमार्फत बिटकॉइन घ्यायला सुरुवात केली आणि डिसेंबर 2017 मध्ये ते बंद केलं. सुरुवातीला व्यवहारामागे साधारण 20 सेंट असलेलं नेटवर्क शुल्क (व्यवहार नोंदवून घेण्याचा खर्च) तोवर 20 डॉलरच्या आसपास गेलं होतं. म्हणजे मालापेक्षा हमालीच जास्त! त्याहून मोठी डोकेदुखी भावाची. बिलावरचा बिटकॉइनचा आकडा थोड्याच वेळापुरता पक्का असतो. ग्राहकाने शुल्क कमी ठेवलं की व्यवहार रांगेत अडकतो, मुदत टळते, तोवर भाव हललेला असतो. मग जादा आलेले परत करा नाहीतर कमी पडलेले मागा, आणि दोन्हीकडे शुल्क पुन्हा मोजा.

लाइटनिंग (बिटकॉइनचे झटपट, स्वस्त व्यवहार करणारं जाळं) किंवा स्टेबलकॉइन (डॉलरसारख्या चलनाशी भाव बांधलेलं कॉइन) वापरलं तर शुल्काचा प्रश्न बराच हलका होतो, हे मान्य. पण भारतात क्रिप्टो खर्च करणं हे आयकराच्या लेखी विकण्यासारखंच: एप्रिल 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर, आणि एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजाही होत नाही. पाचशे रुपयांच्या गेमसाठी जुना खरेदीभाव उकरत बसण्यापेक्षा यूपीआय बरं.