दमास्कसचा सरळ रस्ता

'रोमनांचं आखीव शहर अरबांनी बोळकांडं करून टाकलं' असं एक मत आहे, ते दमास्कसपुरतं तरी पटत नाही. तिथला 'सरळ रस्ता' साधारण दीड किलोमीटरचा. मधे गाड्यांची वाट, दोन्हीकडे खांबांच्या ओळी. दुकानदारांनी आधी खांबांमधल्या जागा बंद केल्या, मग फळ्या रस्त्यावर आल्या. (तुळशीबागेत फिरलेल्यांना जास्त सांगायला नको!) ही प्रक्रिया बायझंटाइन (पूर्व रोमन, म्हणजे अरबांच्या आधीच्या) काळातच सुरू झाली होती. पुढे चाकाच्या गाड्या जाऊन मालवाहतूक उंट-गाढवांवर आली, मग रुंद रस्ता हवा होता कुणाला?

शहरातल्या मुख्य देवळाच्या जागेचं मात्र उलटं. आधी अरामी लोकांचा देव हदाद, मग रोमनांचा ज्युपिटर, मग सेंट जॉनचं चर्च आणि ७०६ पासून उमय्यद या अरब राजघराण्याची मशीद. देव बदलले, आवाराची दगडी भिंत बरीचशी तीच. ऑटोमन काळातल्या हमिदिया बाजाराच्या पत्र्याला गोळ्यांची भोकं आहेत. त्यातून पडणारे कवडसे तुडवत टोकाला गेलं की त्याच देवळाचे रोमन खांब समोर येतात.

बरदा नदीच्या पाटांचंही तसंच. कनवात नावाचा पाट रोमनांचा, यझिद नावाचा उमय्यदांचा. जुने पाट न बुजवता पुढच्यांनी त्यांत भर घातली.